संग्रहालयाचा मंडप

आमच्या बाबांनी आयुष्यात जे जे उभं केलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मोडलं. मंडपवाल्याच्या धंद्यात यात नवल काही नाही. बालाघाटच्या अर्ध्या लोकांची लग्नं बाबांच्या मंडपात लागलीत, आणि त्यातल्या एकाही लग्नाचा पुरावा म्हणून जमिनीतल्या खड्ड्यांशिवाय मागे काही उरलेलं नाही. सीझनमध्ये पुढचं बुकिंग वाट पाहत असतं, त्यामुळे वरात निघाली की आमची माणसं बल्ल्यांकडे, म्हणजे मंडपाच्या खांबांकडे, बघायला लागतात. नवरी रडत असते आणि इकडे कनात उतरत असते.

बी.कॉम. झाल्यावर मी या धंद्यात शिरले. बांबूवर चढणं मला जमत नाही, म्हणून माझ्याकडे डायरी आली. डायरीत तीन रकाने असतात. कुठे, कधी बांधणे, कधी सोडणे. आमचे सगळ्यात जुने कारागीर, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, ते रोज संध्याकाळी येऊन त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून नेतात. काकांना बाबांचं एक वेळ पटणार नाही, पण तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं त्यांच्यासाठी ब्रह्मवाक्य असतं.

मला सहावीत इतिहास शिकवलेले गुरुजी दोनेक वर्षांपूर्वी आमच्या दुकानी आले. निवृत्तीनंतर त्यांनी गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवल्या होत्या आणि त्या घरात ठेवल्या होत्या. शेवटी त्यांच्या बायकोने सांगितलं की या घरात एक तर दगड राहतील नाही तर मी. गुरुजींनी आठवडाभर विचार केला, हे मला त्यांच्या बायकोनेच, म्हणजे काकूंनी, सांगितलं. मग चार लोकांची समिती झाली, स्टेशनकडचं एक बंद पडलेलं तांदळाचं गोदाम मिळालं, आणि तिथं जिल्ह्याच्या इतिहासाचं संग्रहालय करायचं ठरलं.

वस्तू मोजक्याच होत्या. शेतात सापडलेले दोन दगडी वीर, दोघांनाही डोकं नाही. खाणीतला मॅंगनीजचा एक काळाकुट्ट धोंडा. छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, रेल्वेचा कंदील. धान मोजायची लाकडी पायली. आणि हट्टा गावच्या बावडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचा, भिंतीएवढा फोटो. गोदामाला आतून सजवायचं कसं, याचा नकाशा भोपाळच्या कुठल्याशा कार्यालयातल्या मॅडमनी पाठवला होता. मान्यता त्यांच्याच हातात होती. गावात आतली सजावट करणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचा मंडप आमचाच होता, म्हणून तो नकाशा बाबांकडे आला.

बाबांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि दोन्हीकडून तो सारखाच रिकामा दिसतो असं सांगितलं. नकाशात राखाडी भिंती होत्या, एका भिंतीशी एकच वस्तू, आणि बाकी सगळी मोकळी जागा. गुरुजींनी समजावलं की आजकाल मोठ्या शहरांत असंच असतं, वस्तूला श्वास घ्यायला जागा लागते. बाबांनी विचारलं, श्वास कोण घेणार, धोंडा?

मग त्यांनी त्यांचं खरं दुखणं सांगितलं. "भिंत उघडी ठेवली तं लोक बसाले येतीन गुरुजी, पाहाले नाही."

आमच्याकडे बसायला जाणं म्हणजे मयतीच्या घरी जाणं. त्या घरातलं सामान बाजूला सारलेलं असतं, भिंतीवर काही नसतं, आणि लोक दारात चपला काढून हळू आवाजात बोलतात. पाहुणा आनंदाने यावा असं वाटत असेल तर झालर पाहिजे, फुलं पाहिजेत, बसायला खुर्ची पाहिजे. बाबांचं सजावटीचं शास्त्र यापलीकडे जात नाही आणि आजवर त्यांना त्याची गरजही पडली नाही.

गुरुजी मऊ माणूस. त्यांनी नकाशाची घडी करून खिशात टाकली आणि मॅडम येतील तेव्हा बघू म्हणाले. ते निघताना बाबांनी त्यांना विचारलं की हे सोडावं लागणार नाही ना. गुरुजी म्हणाले, संग्रहालय कधी सोडतात का, ते कायमचं असतं. बाबांनी चहा मागवला आणि पुन्हा विचारलं. चहा झाल्यावर आणखी एकदा विचारलं. गुरुजी गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माय, एक तरी काम असं पाहिजे का सकाळी जाऊन पाह्यलं तं जागेवर असन."

मी बाबांची मुलगी असून हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलं नव्हतं. इतर बाप पोरांना बोट दाखवून सांगतात, हा पूल आम्ही बांधला, ही शाळा आम्ही रंगवली. बाबा मला काय दाखवणार होते? मी त्याच वेळी मनात ठरवलं की या कामात नाक खुपसायचं नाही. आठ दिवसांत मी निदान पन्नास वेळा खुपसलं.

कारण बाबांनी इतिहासाचं चक्क रिसेप्शन करून टाकलं. दारात कमान उभी केली, तिच्यावर "सुस्वागतम्". आत लाल गालिचा, त्याच्या टोकाला स्टेज, स्टेजवर दोन महाराजा खुर्च्या आणि त्यांच्यापुढे ते दोन बिनडोक्याचे वीर. दगडी वीरांना बसता येत नाही, त्यामुळे खुर्च्या मागे रिकाम्याच राहिल्या. बाबा वीरांना फेटेही बांधणार होते. कुठे बांधणार, असं मी विचारलं. त्यांनी बराच वेळ वीरांच्या मानांकडे पाहिलं आणि मग फेटे बाजूला मखमली उशीवर ठेवले, म्हणजे डोकी सापडली तर ऐन वेळी धावपळ नको. मॅंगनीजचा धोंडा साखरपुड्याच्या अंगठीच्या तबकात बसला. कंदिलाभोवती पळणारे रंगीत दिवे आले. पायलीच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलचे हंस आले. हंसांवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, बाबा, धानाशी हंसाचा संबंध काय? ते म्हणाले, लग्नाशी तरी काय असते? हंस राहिले.

एवढं मात्र मला मान्य करावं लागेल की सीलिंग सुंदर झालं होतं. बाबांच्या हातच्या चुण्या जिल्ह्यात कोणाला जमत नाहीत. लाल आणि पिवळं कापड त्यांनी मधल्या तुळईपासून चारही भिंतींपर्यंत असं नेलं होतं की खाली उभं राहिलं की मान आपोआप वर जायची. गोदामाचे गंजलेले पत्रे, कोळिष्टकं, तांदळाचा कुबट वास, सगळं त्या कापडामागे लपलं. शिडीवरून उतरल्यावर बाबा किती तरी वेळ खाली उभे होते. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. छान झालं की नाही हे त्यांना ठाऊक होतं.

उद्घाटनाला भोपाळच्या मॅडमना यायला जमलं नाही, त्यांनी एक दिवसाने येते असं कळवलं. बाकी सगळं गाव आलं. खैरलांजीकडची आमची नातेवाईक मंडळीही बाइकवर तिघं तिघं बसून आली. आता कमान, गालिचा आणि स्टेज दिसलं की आमच्या लोकांचे पाय आपोआप जे करायचं ते करतात. सगळे रांगेत स्टेजवर चढले, एकेका वीराच्या शेजारी उभे राहिले, फोटो काढले आणि दुसऱ्या बाजूने उतरले. एका आत्याबाईंनी वीराच्या हातात नारळ द्यायचा प्रयत्न केला. जेवण कुठे आहे असं मला इतक्या जणांनी विचारलं की शेवटी समितीने पोहे मागवले. एक कुटुंब खरोखरच लग्न शोधत आलं होतं. त्यांनी पोहे खाल्ले, नवरा-नवरीची चौकशी केली नाही, भेट म्हणून कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घाईघाईने निघून गेले. त्यांचं लग्न त्यांना पुढे सापडलं की नाही, देव जाणे. गुरुजींनी ते घड्याळ तिथल्याच एका जुन्या खिळ्याला टांगलं.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते लग्नातल्या व्याह्यासारखे. जेवताना म्हणाले की उद्या मी आठ वाजेपर्यंत झोपणार आहे, कोणी उठवू नका. मोठ्या कामाच्या दुसऱ्या दिवशी बाबा सहाच्या पुढे झोपल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नाही.

साडेसातला मला गुरुजींचा फोन आला. वर्गात खिडकीची काच फुटली की जसा शांत आवाज काढायचे, तसाच. त्यांनी विचारलं, तुम्ही लोकांनी काही काढलं का?

मी स्कूटी काढली. कमान नव्हती. गालिचा नव्हता. दारात आमची गाडी भरून उभी होती आणि शेजारी काका बिडी ओढत होते, काम वेळेत संपल्याचं समाधान चेहऱ्यावर. मी आत डोकावले. पत्रे, कोळिष्टकं, ओल आलेल्या भिंती. टेबलंही आमचीच असल्यामुळे वस्तू खाली जमिनीवर होत्या, नीट अंतर सोडून ठेवलेल्या, आणि फरशी झाडून काढलेली. बावडीचा फोटो भिंतीला टेकवलेला. वर एकटं घड्याळ टिकटिक करत होतं, कारण ते आमचं नव्हतं. मला पाहून काका म्हणाले, "बरं झालं आली. हे दोन दगड आपले का त्याइचे?"

मला रडू येतं तेव्हा मी आधी भांडते. मी काकांवर तोंड सोडलं. संग्रहालय कोणी सोडतं का, अक्कल गहाण टाकली का, असलं बरंच काही बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातून मोबाइल काढला आणि फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. अक्षर माझं होतं. तिसऱ्या रकान्यात, नेहमीच्या वळणदार हाताने लिहिलं होतं: सोडणे, सकाळी सहा.

वर्षानुवर्षं मी तो रकाना भरत आले होते. उद्घाटनाची तारीख लिहिताना हात आपसूक पुढे गेला असणार. मला ते लिहिल्याचं आठवतही नव्हतं. बाबा आयुष्यात एकदाच आठपर्यंत झोपले होते, आणि त्या वेळात मी त्यांचं एकुलतं एक कायमचं काम गाडीत भरून ठेवलं होतं.

आम्ही लगेच गाडी रिकामी करायला घेतली. पहिली कनात खाली उतरते न उतरते तोच मॅडमची गाडी आली.

मॅडम आत गेल्या. गुरुजी त्यांच्या मागे, मी गुरुजींच्या मागे, कोणाच्या तरी मागे असावं म्हणून. धोंड्यापुढे थांबल्या, वीरांपुढे थांबल्या, मग घड्याळापुढे बराच वेळ थांबल्या. मला वाटलं, आता आपलं सगळं संपलं. मॅडम वळल्या तेव्हा त्यांचे डोळे चक्क ओले होते. म्हणाल्या, "गुरुजी, यही तो मैं चाहती थी. खाली दीवार, और उस पर सिर्फ़ समय." रिकामी भिंत आणि तिच्यावर फक्त काळ, हेच त्यांना हवं होतं. पुढे त्या असंही म्हणाल्या की वस्तू जमिनीवर ठेवायचं धाडस भोपाळमध्येसुद्धा कोणी करत नाही. त्यांनी तिथेच मान्यतेच्या कागदावर सही केली आणि बजावून सांगितलं की वस्तूंना आणि भिंतींना आता हात लावायचा नाही.

नेमके तेव्हाच बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून, आपलं काम बघायला. दारात उभे राहून त्यांनी आधी वर पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग काकांना विचारलं की सुतळी मोजून घेतली का. आणि घरी निघाले.

मी स्कूटी घेऊन त्यांच्या मागे हळूहळू चालवत होते, ते बसायला तयार नव्हते. शेवटी रेल्वे फाटक बंद मिळालं म्हणून थांबावं लागलं. मालगाडी जाईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं, की बाबा, काकांनी नाही, मी लिहिलं होतं, माझंच चुकलं. बाबांनी डबे जाऊ दिले.

"मी तरी कुठं पक्की गाठ मारलती," ते म्हणाले. "तेच मारली. एक टोक ओढलं का सुटनारी. दीड तासात काहून सुटलं मंग?"

मंडपवाल्याच्या हाताला ती एकच गाठ येते. घट्ट बसली पाहिजे आणि एका झटक्यात सुटली पाहिजे. कायमचं काम करायचं म्हणून बाबा आठ दिवस राबले, पण त्यांच्या बोटांना ते कोणी कळवलं नव्हतं. माझ्याही बोटांना नव्हतं. फाटक उघडल्यावर ते स्कूटीवर बसले, आणि आम्ही दोघं त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. बाबा त्या रस्त्याने जाणंच टाळू लागले. स्टेशनला जायचं झालं तरी वळसा घालून जायचे.

संग्रहालयाचं म्हणाल तर बाबांनी सांगितलं तेच झालं. लोक दारात यायचे, आतल्या उघड्या भिंती आणि जमिनीवर ठेवलेलं सामान बघायचे, चपला काढायचे आणि हळू आवाजात गुरुजींना विचारायचे, कोण गेलं. गुरुजी म्हणायचे, कोणी नाही, हे संग्रहालय आहे. यावर लोक समजुतीने मान हलवायचे. दुःखात माणूस काहीही बोलतो. एका आजोबांनी गुरुजींच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, होनारं होते, तुम्ही जेवले का? कोणी तरी काकूंकडे डब्यातून पिठलं-भाकर पोचवली. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी अन्न आणतात, तशी. ते मात्र काकूंना सहन झालं नाही. एके दिवशी गुरुजी पुन्हा आमच्या दुकानी येऊन बसले, आणि त्यांच्या बोलण्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांना पाठवण्यात आलं आहे.

गुरुजींनी इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल असा मार्ग शोधला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, वस्तूंना हात लावू नका, भिंतींना हात लावू नका. छताबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, हंस? गुरुजी म्हणाले, हंस दुकानातच राहू द्या. बाबांनी काकांना हाक मारली आणि आतून लाल-पिवळं कापड काढायला सांगितलं. जाताना हार्डवेअरच्या दुकानापाशी गाडी थांबवली आणि पावशेर खिळे घेतले. काकांनी मला विचारलं की मालकांना बरं आहे ना. बाबांनी आयुष्यात खिळा ठोकलेला नव्हता. खिळ्याने कापडाला भोक पडतं, जागामालकाच्या भिंतीला भोक पडतं, आणि भोक म्हणजे मंडपवाल्याची बेअब्रू.

कापड तुळईपर्यंत नेणं, चुण्या पाडणं, हे सगळं दुपारपर्यंत झालं. मग बाबांनी खिळा काढला आणि तो धरायचा कसा इथेच गाडी अडली. पहिला वाकला. दुसरा उडून मॅंगनीजच्या धोंड्यावर टण्णकन आपटला. काका खालून म्हणाले, गाठ मारून टाका न मालक, झंझट काहून? बाबांनी वरूनच तिसरा खिळा माझ्याकडे पुढे केला.

मी बांबूवर चढत नाही हे सुरुवातीलाच सांगितलं आहे. त्या दिवशी मी शिडीवर चढले, डोळे मिटले आणि खिळा धरला. बाबांनी हातोडी मारली ती सरळ माझ्या अंगठ्यावर. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि गुरुजी खाली उभे होते. पण मी खिळा सोडला नाही. पुढचा घाव बरोबर बसला. मग बाबांना तंत्र सापडलं आणि ते थांबेचनात. जिथे चार पुरले असते तिथे त्यांनी चौदा ठोकले. पावशेर खिळे संपल्यावर त्यांनी माणूस पाठवून आणखी मागवले.

संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे डायरीचा फोटो काढायला आले. माझ्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. तिसऱ्या रकान्यात मी एवढी मोठी आडवी रेघ मारली होती की शेजारच्या पानापर्यंत गेली होती. काकांनी फोटो काढला, पुन्हा मोठा करून पाहिला, आणि ही रेघ म्हणजे किती वाजता, असं विचारलं. मी त्यांना बसवून समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली तेव्हा बाबा घरात नव्हते. वाटलं, सवयीने स्वतःच जाऊन सोडलं असणार. तशीच स्कूटी काढली. गोदामापुढे आमची गाडी नव्हती, काका नव्हते, दाराला कुलूप होतं. बाबा एका पालथ्या बादलीवर उभे राहून, खिडकीच्या गजांना धरून आत बघत होते.

माझी चाहूल लागली तरी ते वळले नाहीत.

"हाये," ते म्हणाले.

मग बादलीवरून उतरले आणि मला चढायला सांगितलं.